पोंऽक आणि डावा दंड

मी भोंगा बोलतोय. हो, तोच. काळ्या रबरी फुग्याचा, पितळी गळ्याचा आणि चारचौघांत दचकवणाऱ्या आवाजाचा. आधी तो दंडावरचा हात काढा बघू. मी तुम्हाला काही करत नाही. मी आजवर कुणालाच काही केलेलं नाही. मी फक्त ‘पोंऽक’ म्हणालो. पुढचं सगळं दुसऱ्यांनी केलं आणि नाव मात्र माझं खराब झालं.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमधल्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे तरी काय, एक म्हातारा कारागीर, त्याची सून आणि एक भट्टी. म्हातारा पितळ वाकवायचा आणि सून प्रत्येक नवा भोंगा वाजवून बघायची. माझा फुगा तिनं दाबला तेव्हा ऐकू कमी येणारा म्हातारासुद्धा गर्रकन वळला.

“मामंजी, ह्याचा आवाज ऐकलात?”

“ऐकला? अगं, पोटात बसला माझ्या!”

एवढं कौतुक झाल्यावर कुणाच्याही डोक्यात हवा जाईल, माझ्या तर फुग्यातच गेली. आपण एखाद्या मोठ्या बसवर बसणार, निदान आगीच्या बंबावर तरी नक्कीच, अशी मी खूणगाठ बांधली. आणि मला न्यायला आला कोण, तर एक सायकलवाला. सायकलच्या दोन्ही बाजूंना दोन पिशव्या, डोक्यावर टोपी, चेहरा अगदी गरीब. मी मनातून खट्टू झालो, पण भोंग्याला विचारतो कोण?

हा माणूस लस टोचणारा होता. गावात सगळे त्याला सुईवाले काका म्हणत. लहान मुलांना लस टोचणं हे त्यांचं सरकारी काम. कुत्र्यांना लस टोचण्यासाठी खरं तर वेगळा माणूस नेमायचा होता, पण ती जागा भरायची राहून गेली, आणि पुढे अशी काही जागा आहे हेच सगळे विसरले. मग तेही काम काकांच्याच गळ्यात पडलं. उजवीकडची पिशवी मुलांची, डावीकडची कुत्र्यांची. पिशव्यांची अदलाबदल कधीही झाली नाही, हे मी शपथेवर सांगतो.

काकांची एक पद्धत होती. गल्लीच्या तोंडाशी थांबायचं, मला जोरात वाजवायचं आणि मग सावकाश आत शिरायचं. तेवढ्या वेळात आयांनी पोरांना तयार ठेवावं, असा त्यांचा साधा हिशेब.

पहिल्या फेरीला काय झालं ते सांगतो, कारण त्याच आठवणीवर मी पुढची कित्येक वर्षं काढली. माझा आवाज ऐकून गल्लीतली झाडून सगळी पोरं धावत आली. कुणी माझा फुगा दाबून बघितला, कुणी माझ्या पितळेत तोंड बघून जीभ काढली. कुत्रीसुद्धा शेपट्या हलवत आली. इतक्या जणांना मी हवा होतो! मग काकांनी पिशवी उघडली.

दुसऱ्या फेरीला निम्मीच पोरं आली. तिसऱ्या फेरीला मधल्या काळात जी नुकती चालायला लागली होती तेवढीच आली. त्यानंतर मी ‘पोंऽक’ म्हटलं की उत्तरादाखल फक्त कड्या लागल्याचे आवाज यायचे.

माझं दुःख समजून घ्या. पोरांनी सुईचा राग धरला नाही, कारण सुई निघेपर्यंत त्यांनी डोळे गच्च मिटलेले असायचे. काकांचाही धरला नाही, कारण काका टोचून झालं की माकडासारखं तोंड करून त्यांना हसवायचे. राहिलं कोण? टोचलं सुईनं, टोचलं काकांनी, आणि बदनाम झालो मी.

कुत्र्यांचंही तेच. काकांच्या शेवटच्या वर्षांत लाकडाच्या वखारीत सुभेदार नावाचा एक तांबूस, दांडगा कुत्रा होता. अख्खी गल्ली त्याला वचकून असे. पण मी वाजलो की हा शूर वीर वखारवाल्याच्या खाटेखाली शिरायचा. शेपूट बाहेरच राहायचं. स्वतःचं तोंड लपलं म्हणजे आपण सगळे लपलो, अशी त्याची ठाम समजूत होती.

आयांना वेगळीच सवय लागली. माझा आवाज कानावर पडला की त्यांचा हात आपोआप जवळच्या पोराच्या दंडावर पडायचा. पोर कुणाचं हे बघायचीही फुरसत नाही. मग ‘अगं, माझं सोड, तुझं तिकडे भिंतीवर चढतंय’ अशी ओरड गल्लीभर चालायची.

वर्षं गेली, पोरं मोठी झाली, मिशा फुटल्या, नोकऱ्या लागल्या. सवय मात्र गेली नाही. फौजदार साहेबांपुढे चांगले चांगले चोर थरथर कापायचे. पण माझा आवाज आला की साहेबांचा उजवा हात डाव्या दंडावर जायचा. ‘डास फार झालेत’ म्हणायचे. न्हाव्याच्या दुकानात तर माझ्यामुळे मोठाच घोटाळा झाला. खुर्चीतल्या गिऱ्हाइकानं दंड धरला आणि न्हाव्यानं वस्तऱ्याच्या हातानंच स्वतःचा दंड धरला. सदऱ्याच्या बाहीवर निभावलं म्हणून बरं. तेव्हापासून लसीच्या दिवशी न्हावी दाढी करेनासा झाला, नुसते केस कापायचा.

अखेर काका निवृत्त झाले. सायकल गंजली होती, ती भंगारात निघाली. निरोप देताना काकांनी माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “तुझ्यामुळे मला या गावात कुणी कधी चहाला बोलावलं नाही रे.” म्हणजे शेवटी त्यांनीही खापर माझ्यावरच फोडलं.

भंगारवाल्याकडे मी तुटक्या पंख्यांच्या आणि नळांच्या ढिगात पडून होतो. आता आपलं सगळं संपलं, असं मला वाटत होतं. आणि अशात तिथे तो आला.

तो आणि त्याची बायको गावात नुकतेच राहायला आले होते. आधी तो परगावी बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलायचा. बायको घरच्या घरी आइस्क्रीम फार सुरेख करायची, दाट, साईसारखं. दोघांनी ठरवलं की आता दुसऱ्याच्या लाद्या उचलणं पुरे, आपली हातगाडी काढायची. गाडी झाली, पिंप झालं, आता पोरांना बोलवायला आवाज हवा होता.

त्यानं ढिगातून मला उचललं आणि फुगा दाबला. पोंऽक!

भंगारवाल्यानं डावा दंड धरला.

“वा! काय खणखणीत आवाज आहे,” आइस्क्रीमवाला खूश झाला. “अख्ख्या गावाला ऐकू जाईल. पण तुम्हाला काय झालं?”

“काही नाही, असंच,” भंगारवाला दंड चोळत म्हणाला. “खांदा जरा धरलाय.”

खरं सांगायचं सोडून त्यानं मला कागदात गुंडाळून दिलं. आणि मला विचाराल तर मी हरखून गेलो होतो. आइस्क्रीम! म्हणजे आता पोरं पळत येणार, माझ्याकडे येणार!

पहिल्याच दिवशी आम्ही वखारीच्या गल्लीत गेलो. त्यानं टोपी सारखी केली, हसरं तोंड केलं आणि मला वाजवलं. गल्लीत पोरं चेंडू खेळत होती. एका क्षणात कुणी नाही. चेंडू एकटाच घरंगळत आमच्या चाकापाशी येऊन थांबला. खाटेखालून सुभेदाराचं शेपूट दिसत होतं. तो आता म्हातारा झाला होता, पण विसरला नव्हता.

“इथली पोरं अभ्यासू दिसतात,” आइस्क्रीमवाला स्वतःशीच म्हणाला आणि पुढच्या गल्लीत गेला. तिथली पोरंही अभ्यासू निघाली.

संध्याकाळी बायकोनं उत्साहानं विचारलं, “किती गेलं?”

“एक.”

“कुणी घेतलं?”

“मीच खाल्लं. वितळत होतं.”

“अहो, भोंगा वाजवता की नुसतेच हिंडता?”

“वाजवतो की.”

“मग जोरात वाजवा!”

झालं. दुसऱ्या दिवसापासून हा पठ्ठ्या मला दुप्पट वाजवायला लागला, आणि गल्ल्या दुप्पट वेगानं ओस पडायला लागल्या. मी आतून आक्रोश करत होतो, ‘अरे बाबा, मला वाजवू नकोस, मीच तुझ्या पोटावर पाय देतोय!’ पण माझ्या तोंडून बाहेर काय पडणार? पोंऽक.

त्या बिचाऱ्यानं काय काय करून बघितलं! गाडीला गुलाबी रंग दिला. पोरं आपल्या मिशांना घाबरत असतील असं वाटून मिशा काढून टाकल्या. त्या दिवशी घरी त्याच्या बायकोनं दार उघडलं आणि ‘कोण पाहिजे?’ असं विचारलं. मग त्यानं तिच्या आइस्क्रीमबद्दल शंका काढली, “साखर जरा जास्त पडते का गं?” तिनं दोन दिवस अबोला धरला. एरवी एकमेकांशिवाय घास न गिळणारी ती दोघं, माझ्यामुळे भिंतीकडे तोंड करून जेवायला लागली.

अशात तिचा धाकटा भाऊ आला. त्याचं परगावी खिळे-बिजागऱ्यांचं मोठं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता, पण आपण सांगतो तेच बरोबर, असा त्याचा खाक्या. पिंपात डोकावून तो म्हणाला, “ताई, किती दिवस वितळवणार आहेस हे? भावोजी, माझं ऐका. आपल्या दुकानात या. खिळे वितळत नाहीत.”

“बघू की,” आइस्क्रीमवाला खाली मान घालून म्हणाला.

“बघू काय? तुमच्यासाठी स्टूलसुद्धा बघून ठेवलंय. शाळा उघडेपर्यंत गाडी चालली तर ठीक, नाहीतर मी येतो टेम्पो घेऊन.”

तो गेल्यावर आइस्क्रीमवाला गाडी पुसायला लागला. “खिळे विकत घ्यायला हसत कोण येतं गं?” तो बायकोला म्हणाला. “उभी हयात थंडगार लाद्या उचलल्या. आता लोक हसून घेतील असं काहीतरी विकावं, एवढंच मनात होतं.” बायकोचा अबोला तिथेच संपला. “उद्या मी येते बरोबर,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती गाडीबरोबर निघाली. आम्ही गल्लीच्या तोंडाशी थांबलो, मी वाजलो, कड्या लागल्या. तेवढ्यात एक बाई रडणाऱ्या पोराला काखेत मारून धावत आली. पोराची डावी बाही वर केलेली, आणि बाईनं तोंड दुसरीकडे फिरवलेलं.

“टोचा हो लवकर, गॅसवर दूध ठेवलंय!”

“काय टोचू?” आइस्क्रीमवाल्याच्या बायकोनं विचारलं. “चमचा?”

बाईनं वळून बघितलं. गाडी बघितली, पिंप बघितलं, मला बघितलं. “अगं बाई, आइस्क्रीम! आणि भोंगा सुईवाल्या काकांचा? कुणाची ही अक्कल?” असं म्हणून ती जी हसत सुटली, ती दूध उतू जाईपर्यंत हसत राहिली. मग सगळी हकीकत तिनंच सांगितली.

आइस्क्रीमवाल्यानं कपाळावर हात मारून घेतला. “मिशा काढल्या मी मिशा! आधी हा भोंगा भंगारात टाकतो, मग दुसरं बोल.”

माझं पितळ गार पडलं. पण बायकोनं त्याचा हात धरला.

“थांबा. या गावात आपल्याला कोण ओळखतं?”

“कुणी नाही.”

“आणि याला?”

“म्हाताऱ्यांपासून तान्ह्यांपर्यंत सगळे. म्हणूनच तर पळतात!”

“मग एवढी ओळख फेकून देता? आवाज तोच राहू दे. आवाजाच्या मागून काय येतं तेवढं बदलू. माझ्या कोंबड्या आठवतात ना? नवीन कोंबडी ताटली वाजवली की उडून जायची. ताटलीच्या मागोमाग दाणे पडायला लागले की आठवडाभरात तीच कोंबडी नुसत्या आवाजाला अंगावर यायची.”

“पोरं म्हणजे काय कोंबड्या आहेत?”

“पोरं कशाला, तुम्हीसुद्धा आहात. मी पातेल्यावर पळी आपटली की कुठूनही येता की नाही?”

त्यानं भोंगा गाडीवरच राहू दिला.

मात्र सुरुवातीलाच त्यानं चूक केली. त्याला वाटलं, आधी पोरांच्या हातात आइस्क्रीम द्यावं आणि मग भोंगा वाजवावा, म्हणजे गोडाबरोबर आवाजही गोड लागेल. त्यानं गुपचूप, न वाजवता गाडी शाळेमागच्या मैदानात नेली. पोरं आली, कोन हातात पडले, पहिली जीभ लागणार इतक्यात यानं मला दाबलं. कोन हवेत, पोरं पसार. मैदानावर नुसता चिखल झाला व्हॅनिलाचा. पोरांनी त्यातून धडा एवढाच घेतला की आता आइस्क्रीमच्या मागूनसुद्धा सुई येऊ शकते.

“उलटं केलंत!” बायको म्हणाली. “ताटली आधी, दाणे मागून. आणि सुरुवातीला आवाज बारीक.”

तिनं माझ्या तोंडात नवऱ्याचा मफलर कोंबला. कारागिराच्या पोटात बसणारा माझा आवाज, तो आता एखाद्या म्हातारीच्या खोकल्याएवढा झाला. पण मी अपमान गिळला. कशासाठी, ते तुम्ही जाणताच.

पहिला शिष्य मिळाला तो सुभेदार. खाटेपाशी जाऊन तिनं मला हळूच दाबलं, ‘पुक’. शेपूट थरथरलं. लगेच तिनं चमचाभर आइस्क्रीम खाटेखाली सरकवलं. पुन्हा ‘पुक’, पुन्हा चमचा. कुत्र्यांना माणसांसारखा मानापमान नसतो. चार-सहा चमच्यांत सुभेदाराची लाळ गळायला लागली, आणि दोन दिवसांनी ‘पुक’ म्हटल्याबरोबर तो खाटेखालून स्वतःहून बाहेर आला. इतकी वर्षं त्याचं नुसतं शेपूट बघणाऱ्या मला त्याचं तोंड दिसलं. मला भरून आलं.

वखारवाल्याची नात खिडकीतून हे सगळं बघत होती. पुढचे दोन दात मोठे म्हणून तिला सगळे खारूताई म्हणत. भीती मोठी की मत्सर, असा तिच्या मनात झगडा चालला होता. तिसऱ्या दिवशी मत्सर जिंकला. डाव्या दंडावर उजवा हात घट्ट धरून ती बाहेर आली.

“कुत्र्याला मिळतं, आणि मला का नाही?”

“तुलाही मिळेल की. ऐक हं.” पुक. चमचा.

खारूताईनं दंड धरलेला हात सोडला नाही, नुसतं तोंड उघडलं. चौथ्या चमच्याला मात्र कोन धरायला हात लागला, मग तो सुटला. तिच्या मागून तिच्या मैत्रिणी आल्या, मैत्रिणींच्या मागून भाऊ आले. मफलर रोज थोडा थोडा बाहेर ओढला जात होता. शेवटी एक दिवस तो पुरता निघाला, मी छाती भरून ‘पोंऽऽक’ केलं, आणि अख्खी गल्ली माझ्याकडे धावत सुटली. मी रडलो असतो, पण पितळेवर डाग पडतील म्हणून आवरलं.

मग तर कहरच झाला. शाळेच्या उन्हाळी वर्गात बाई पाढे म्हणवून घेत असताना लांबून माझा आवाज आला की सगळा वर्ग एकदम आवंढा गिळायचा. माझ्यासारख्याच आवाजाची एक मालमोटार गावातून जायची, तिच्यामागे पोरं वाट्या घेऊन धावली. ड्रायव्हर खाली उतरून हात जोडून सांगत होता, ‘बाळांनो, यात सिमेंट आहे.’ मोठी माणसंही यायची. फौजदार साहेब उजव्या हातात कोन घ्यायचे, पण डावी बाही अजून वर केलेली असायची. “सवय हो,” म्हणायचे.

गाडी चालली होती. शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले होते. आता मेहुण्याचं स्टूल टळलं, असं मीसुद्धा धरून चाललो होतो. आणि नेमक्या त्याच वेळी नर्सबाई आल्या.

काकांच्या जागी त्या नव्यानंच आल्या होत्या. स्कूटरवर यायच्या, गोड बोलायच्या. पण त्यांना बघूनच पोरं गच्चीवर आणि झाडावर पसार होत होती. त्या आमच्या दाराशी आल्या तेव्हा रडवेल्या झाल्या होत्या.

“शेजारच्या गावात गोवर आलाय,” त्या म्हणाल्या. “इथली निम्मी पोरं लसीवाचून राहिलीत. मला फक्त एक दिवस तुमचा भोंगा द्या. तुमच्या आवाजाला सगळी येतात.”

आइस्क्रीमवाल्याचा चेहरा उतरला. “बाई, एकदा का पोरं भोंग्याला आली आणि टोचली गेली, की पुन्हा माझ्याकडे कोण येणार? आमचा उन्हाळाभराचा खटाटोप मातीत जाईल. इथून थेट खिळ्यांच्या दुकानात जाईन मी.”

“कळतंय मला,” नर्सबाई म्हणाल्या. “पण गोवर आला तर?”

मी तर पार गर्भगळीत झालो. एकदा पोरांचं प्रेम गमावलं होतं, पुन्हा गमवायचं? पण मला खारूताईही दिसत होती, तापानं फणफणलेली. मनातल्या मनात मी म्हणालो, द्या मला. आइस्क्रीमवाला बायकोकडे बघत होता. या वेळी ती काही सुचवेना.

“भोंगा देणार नाही,” अखेर तो म्हणाला. नर्सबाईंची मान खाली गेली. “मीच येतो भोंगा घेऊन. आइस्क्रीमचं पिंपही आणतो. पण एक अट आहे. पोरांना फसवायचं नाही. काय आहे ते मी तोंडावर सांगणार. मग पळाली तर पळाली.”

ठरलेल्या दिवशी मोठ्या झाडाखाली एका बाजूला नर्सबाईंचं टेबल, दुसऱ्या बाजूला आमची गाडी. टेबलापुढे कापडाचा पडदा. मी वाजलो. पोरं लाळ घोटत आली, सुभेदार सगळ्यांच्या पुढे.

आइस्क्रीमवाला स्टुलावर चढला. “पोरांनो, आज सुई आहे. खोटं सांगणार नाही. दुखेल थोडंसं. आणि सुई घेतली की आइस्क्रीम आहे. ज्याला जायचं त्यानं जावं.”

पन्नासेक डाव्या दंडांवर पन्नासेक उजवे हात गेले. मागची रांग हळूहळू मागे सरकायला लागली. खारूताई मात्र डोळे बारीक करून विचार करत होती.

“आधी सुई का आधी आइस्क्रीम?”

“आधी सुई.”

“मग दोन गोळे लागतील.”

“दोन देईन.”

“वरचा गुलाबी.”

“वरचा गुलाबी!”

“मग ठीक आहे,” असं म्हणून ती बाही वर करून पडद्याआड गेली. आतून ‘आईगं’ ऐकू आलं. मग ती डोळे पुसत बाहेर आली आणि थेट गाडीपाशी जाऊन उभी राहिली. तिच्या हातातले दोन गोळे सगळ्यांनी बघितले. मागे सरकलेली रांग पुढे आली.

अशा भर गर्दीत मेहुणा टेम्पो घेऊन हजर झाला. त्यानं माझा आवाज ऐकला, एवढी मोठी रांग बघितली आणि त्याचे डोळेच विस्फारले. ताईचं आइस्क्रीम इतकं खपतंय? वशिला न लावता तो मुकाट्यानं रांगेत उभा राहिला. पडदा बाजूला करून तोंड पुढे करतो, तर समोर नर्सबाई सुई हातात धरून, “पुढचा कोण?”

लोखंडाचा एवढा मोठा व्यापारी, जागच्या जागी आडवा झाला. त्याला उचलून गाडीपाशी आणलं, तोंडावर पाणी मारलं, एक गोळा भरवला.

“ऊन लागलं,” डोळे उघडल्यावर तो म्हणाला.

“हो, ऊनच आहे,” झाडाच्या गर्द सावलीत सगळ्यांनी एकसुरात सांगितलं.

पण संध्याकाळी त्याचा ताठा परत आला. “भावोजी, आज फुकट होतं म्हणून आली पोरं. आज त्यांना भोंग्यामागून सुई मिळालीय. उद्या वाजवून बघा. एक जरी पोर आलं तर मी टेम्पो रिकामा घेऊन जाईन. नाही आलं, तर सामान बांधायचं.” कुणी वाद घातला नाही, कारण आम्हा सगळ्यांना तीच धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही गल्लीच्या तोंडाशी उभे राहिलो. नवरा, बायको, मेहुणा आणि मी. आइस्क्रीमवाल्याचा हात माझ्या फुग्यावर आला आणि तसाच राहिला.

“वाजवा,” बायको हळूच म्हणाली.

पोंऽक.

एक कडी लागली. मग दुसरी लागली. गल्लीत चिटपाखरू नाही. कालची रडारड ऐकून सुभेदारसुद्धा पुन्हा खाटेखाली. मेहुणा टेम्पोकडे वळला. माझ्यात जीव असता तर त्या क्षणी गेला असता.

मग वखारीचं दार करकरलं. खारूताई बाहेर आली. पळत नाही, चालत. दंड धरलेला होता. तिच्या मागून आणखी एक दार उघडलं, मग आणखी एक. हळूहळू सगळी पोरं गाडीपासून जरा लांब, अर्धवर्तुळ करून उभी राहिली. कुणी पुढे येईना, कुणी मागेही जाईना. खारूताईनं मान उंच करून विचारलं,

“काका, आज काय आहे?”

आइस्क्रीमवाल्यानं नुसतं पिंपाचं झाकण काढून दाखवलं.

एवढ्या वर्षांत माझा आवाज ऐकून पोरं पळून गेली, माझा आवाज ऐकून पोरं धावत आली. पण थांबून, समोर उभं राहून, ‘आज काय आहे?’ असं मला कुणी कधीच विचारलं नव्हतं. त्या वेळी मला जे वाटलं, ते पहिल्या फेरीच्या त्या सकाळीही वाटलं नव्हतं. मेहुण्यानं मुकाट्यानं दोन गोळ्यांचा कोन घेतला, वरचा गुलाबी, आणि टेम्पो रिकामा घेऊन गेला.

आता मी थकलोय. माझा रबरी फुगा तीनदा बदलला, पितळेला पोचे आलेत, आवाज घोगरा झालाय. गाडी अजून चालते, नर्सबाईंबरोबरही वर्षातून काही दिवस मी जातो. माझा आवाज आला की गावातली माणसं एका हातानं बाही वर करतात आणि तोंडानं लाळ गिळतात, दोन्ही एकदम. बाहेरगावचे लोक बघून हसतात. हसू देत.

जाता जाता एक सांगणं आहे. तुमच्याही कानात असा एखादा आवाज बसलेला असेल. शाळेची घंटा असेल, साहेबाच्या बुटांचा आवाज असेल, सासूबाईंचं खाकरणं असेल. तो आला की तुम्ही दंड धरत असाल नाहीतर आवंढा गिळत असाल, आणि मागून काय येतंय हे न बघताच पळत असाल. तसं करू नका. आवाजाच्या मागून एक माणूस चालत येत असतो. कधीकधी त्यानं फक्त तुमच्यासाठी मिशासुद्धा काढलेल्या असतात. तो जवळ येईपर्यंत दारातच थांबा.